माझा सेनापती तोफा ओततो, पण माणूस म्हणून उभाच राहीना

खानापूरची_लेखणी
नमस्कार मंडळी, मी एक कादंबरी लिहायलोय. साम्राज्य सगळं मनातलं, नाव वेरंग. त्यातला सेनापती शार्वक, लोहाराचा पोरगा, शिपाई म्हणून शिरला, चाळिशीत सरसेनापती झाला, मग बादशहानं त्यालाच तोफांचे कारखाने काढायला लावलं, दहा वर्षांत शंभर तोफा आणि तीन लढाया जिंकल्या. एवढं लिहून झालंय पण वाचताना नुसता बायोडेटा वाटतोय. शेवटी लढाईत मारायचा विचार आहे. कुठं चुकतंय सांगा की.

उद्यमबाग_मोल्डर
भावा, तुझ्या कारखान्यात कुणाला घामच येत नाही बघ. हुकूम निघाला आणि तोफ तयार, असं होत नसतंय. तोफेला साधारण नऊ भाग तांबं आणि एक भाग कथील लागतं, तेव्हा तांब्याची खाण कुणाच्या ताब्यात आहे ते आधी ठरव, अर्धी लढाई तिथंच आहे. मातीचा साचा उभा पुरायचा, बूड खाली तोंड वर, म्हणजे दारू पेटते त्या बुडाला धातू घट्ट बसतो, आणि वर जास्तीचा धातू ठेवायचा, घाण तिथं जमते, आकसतानाची तूट पण तिथनं भरून निघते, मग तेवढा तुकडा कापून टाकायचा. आज आम्ही रायझर म्हणतो ते हेच. साच्यात ओल राहिली तर वाफेनं धातू उसळतो, नाहीतर आत ब्लोहोल, म्हणजे वायूची पोकळी, राहतो आणि बाहेरनं काही दिसत नाही. तसली तोफ फुटली की मरणार आपलेच गोलंदाज. आता पावसाळा, बादशहाची घाई, म्हातारा ओतारी म्हणतोय आठ दिवस थांबा. शार्वक लोहाराचा पोरगा, त्याला सगळं कळतंय. तरी तो ओतायला सांगतो. लिही हे.

जुना_पलटणवाला
मी मराठा लाइट इन्फंट्रीतनं रिटायर, 1922 पासून आमचं सेंटर इथं बेळगावातच आहे. मोल्डरदादांचं बरोबर, पण तोफेमागचा माणूस पण दाखवा. महादजी शिंद्यांनी द बॉयन्य या युरोपियन अफसराकडून कवायती पलटणी उभ्या करून घेतल्या, आग्र्याला तोफा ओतल्या. 23 सप्टेंबर 1803 ला असईला त्या तोफांनी इंग्रज सेनापती वेलस्लीच्या फौजेची फार माणसं पाडली, तरी लढाई गेली. त्याच वर्षी पेराँसारखे बरेच परके अफसर महादजींच्या मागनं आलेल्या दौलतराव शिंद्यांना सोडून गेले. शिपाई मात्र तोफांपाशी उभे राहून मेले. तुमच्या शार्वकचे अफसर कोण, पगार कोण देतो, घरं कुठली, ते लिहा. शिपायाच्या आयुष्यात पगार वेळेवर येणं ही मोठी गोष्ट असते साहेब.

वडगावच्या_बाई
मला वाटतं त्याला लढाईत मारू नका. लढाई संपल्यावर भट्ट्यांचं काय करणार? लक्ष्मणराव किर्लोस्करांचा जन्म आपल्याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा, 1869 चा. बेळगावात सायकलचं दुकान, पुढे जागा सोडावी लागली आणि 1910 मध्ये औंध संस्थानात किर्लोस्करवाडी उभी राहिली. त्यांनी लोखंडी नांगर काढले, पण लोखंडी नांगरानं जमीन नासते असं तेव्हा शेतकऱ्यांना वाटायचं. तुमचा शार्वक शांततेत नांगर ओतायला लागला आणि विकत घ्यायला आली ती त्या फुटलेल्या तोफेच्या गोलंदाजाची बायको, तर तो तिच्याशी काय बोलेल? मुलांना शिकवताना बघते, पोरांना लढाईपेक्षा असल्या जागा आठवणीत राहतात.

खानापूरची_लेखणी
बाई, ती बायको काल रात्रभर डोक्यातनं गेली नाही. लढाईतलं मरण काढलं. मोल्डरदादा, एकच सांगा, भर पावसात साचा वाळवायला ओतारी काय करेल?

उद्यमबाग_मोल्डर
वर छप्पर, चारी बाजूनं चर खणून पाणी बाहेर काढायचं, आणि साच्याच्या आत हळू जाळ ठेवायचा, रात्रंदिवस एक माणूस जागा पाहिजे. जाळ मोठा केला तर माती तडकते. तो जागणारा पोरगा कोण ते ठरव, मग पुढचं प्रकरण टाक इथं.