मदत हवी आहे: घरात मिरचीची रोपे करताना ऊब आणि उजेड कसा द्यावा?

नमस्कार. कोल्हापुरातील आमच्या फ्लॅटमध्ये संकेश्वरी मिरचीचे घरचे बी रुजवून, उन्हाळ्यापूर्वी कुंड्यांत लावण्याजोगी रोपे तयार करण्याची माझी मनापासून इच्छा आहे, कारण हे वाण टिकावे असे मला फार वाटते. मिरचीच्या उगवणीला साधारण २५ ते ३० अंश सेल्सिअस तापमान मानवते आणि जानेवारीतील इथल्या रात्री त्याहून बऱ्याच थंड असतात. म्हणून कोकोपीट व गांडूळखत भरलेले, तळाशी भोके पाडलेले कागदी कप फ्रिजवर ठेवण्याचा विचार आहे. तेवढी ऊब पुरेल का? उजेडासाठी पूर्वेची एक खिडकी आणि साधा एलईडी दिवा एवढेच आहे. कोंब वर येताच तो किती उंचीवर व किती तास लावावा, म्हणजे रोपे उंच आणि नाजूक होणार नाहीत? बुरशीने रोपे बुंध्याशी कोलमडू नयेत म्हणून पाणी खालून, ताटलीतून द्यावे का?