मोजपट्टी लावली म्हणून चिनी मुखसामुद्रिक शास्त्र ठरतं का?

मैत्रेयी_क: चिनी मुखसामुद्रिकात, म्हणजे चेहऱ्यावरून भाग्य सांगण्याच्या विद्येत, चेहऱ्याचे तीन आडवे भाग पाडतात: केसांच्या रेषेपासून भुवयांपर्यंत, तिथून नाकाच्या टोकापर्यंत, मग हनुवटीपर्यंत. तिन्ही सारखे भरले तर भाग्य चांगलं. वरचा भाग तरुणपणाचा, मधला मध्यवयाचा, खालचा म्हातारपणाचा. त्यात मापं आहेत म्हणून हल्ली ‘प्राचीन विज्ञान’ म्हणून हे सर्रास सांगतात. मला ते मान्य नाही. माप अचूक असू शकतं, पण त्यावरून काढलेलं भाकीत त्यामुळे खरं होत नाही. इ.स.पू. तिसऱ्या शतकात शुन्झी या चिनी तत्त्वज्ञाने या विद्येविरुद्ध अख्खं प्रकरण लिहिलं. त्याचा दाखला: दंतकथांमधला राजा याओ उंच, राजा शुन बुटका, आणि दोघेही थोर!

पांथस्थ: असहमत. भुताखेतांच्या समजुतींवर तुटून पडणारा चिनी विचारवंत वांग चुंग पहिल्या शतकातला. त्यानेही हाडांच्या ठेवणीवरून नशीब कळतं असं लिहिलंय. शिवाय हान काळातला सेनापती चोउ याफू: त्याच्या तोंडाकडे जाणारी रेषा पाहून शू फू या चेहरे वाचणाऱ्या बाईने सांगितलं, तू उपाशी मरशील. तुरुंगात तसाच मेला.

मैत्रेयी_क: पण का मेला? मुलाने वडिलांच्या दफनासाठी चिलखतं विकत घेतली, त्यावरून बंडाचा आरोप आला, आणि त्याने स्वतःच पाच दिवस अन्नाला हात लावला नाही. यात रेषेचा काय संबंध? तशाच रेषा असून पोटभर जेवून मेलेल्यांची नोंद कोण ठेवणार?

सुईदोरा: मी अॅक्युपंक्चर शिकले आहे, म्हणून एक भर. ‘लिंगशू’ या प्राचीन चिनी वैद्यकग्रंथाच्या १४व्या प्रकरणात साडेसात छी (लांबीचं जुनं चिनी माप) उंचीचा माणूस धरून डोक्याचा घेर, छातीचा घेर, हातापायांची लांबी दिली आहे. आजही कोपराच्या घडीपासून मनगटापर्यंत १२ चुन (छीचा दहावा भाग) धरतात, रुग्ण उंच असो वा ठेंगणा. चुन त्याच्याच शरीरावरून ठरतो. हे माप सुया टोचायचे बिंदू शोधायला आहे, माणसाची लायकी ठरवायला नाही. दोन्ही एका पारड्यात घालू नका.

मैत्रेयी_क: अगदी हाच फरक मला महत्त्वाचा वाटतो. चीनमधल्या हान घराण्याच्या उत्तरकाळात, आठव्या महिन्यात, राजधानी लोयांगच्या परिसरातल्या १३ ते २० वर्षांच्या मुलींची अंतःपुरासाठी पाहणी व्हायची, आणि अधिकाऱ्यांबरोबर चेहऱ्या-शरीराची लक्षणं पाहून भाग्य सांगणारा असायचा. त्या मुलींचं आयुष्य तिथे ठरत होतं.

पांथस्थ: तो सत्तेचा दोष झाला, विद्येचा नव्हे. चेहऱ्याचा रंग, डोळे बघून वैद्य आजार ओळखायचेच ना?

सुईदोरा: ओळखायचे, पण मग नाडी पाहायचे, विचारपूस करायचे. नुसत्या चेहऱ्यावर थांबायचे नाहीत.