सर्व्हेअरचा रिपोर्ट म्हणजे शेवटचा शब्द नव्हे

पुरात बुडालेल्या गाडीच्या विमा क्लेममध्ये सर्व्हेअरने (नुकसान तपासून विमा कंपनीला रिपोर्ट देणाऱ्याने) ‘मालकाची चूक’ लिहिलं की विषय संपला, आता कोर्टाशिवाय गत्यंतर नाही, असं एका भाऊंनी लिहिलंय. हे पटत नाही. सर्व्हेअरचा रिपोर्ट महत्त्वाचा असतो, पण तो कंपनीवर वा ग्राहकावर बंधनकारक नाही, हे सुप्रीम कोर्टाने २००९ मध्येच सांगितलंय.

२३ सप्टेंबर २०२३ ला नागपूरचा अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाला तेव्हा माझ्या साळ्याची गाडी त्याच भागात, घराच्या गेटच्या आत उभी होती. सीटवर बोटभर गाळ. कंपनी म्हणाली, पाण्यात इंजिन सुरू केलं, म्हणून इंजिनचा खर्च मिळणार नाही. त्याने आधी रिपोर्टची प्रत लेखी मागितली आणि इंजिन आपल्यासमोरच उघडा म्हणून वर्कशॉपला बजावलं. सिलिंडरमध्ये पाणी असताना गाडी सुरू केली तर बहुतेक वेळा कनेक्टिंग रॉड (पिस्टनला जोडलेला दांडा) वाकतो. इथे चारही रॉड सरळ होते. ते फोटो आणि मेकॅनिकचं सहीशिक्क्याचं पत्र कंपनीच्या तक्रार विभागाकडे गेल्यावर क्लेम मंजूर झाला.

म्हणून भाऊ, इंजिन उघडताना तिथे हजर राहाच, एकदा जोडलं की पुरावा गेला. तरीही कंपनीने नकार दिला किंवा महिनाभर उत्तरच दिलं नाही, तर विमा लोकपालाकडे (विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे) जा. नागपूरसाठी ते कार्यालय पुण्याला आहे. फी नाही, वकील लागत नाही, तक्रार ऑनलाइन करता येते. फक्त नकार मिळाल्यापासून वर्षाच्या आत करा.