मदत हवी आहे: ३०० लिटरच्या खाऱ्या पाण्याच्या मत्स्यटाकीला केवढा संप (टाकीखालची जोडटाकी, जिच्यात पाणी उतरून पुन्हा वर जाते) पुरेल?

माझी टाकी १२० × ५० × ५० सेंटिमीटरची असून तिच्याखालच्या कपाटात ७५ × ४० × ४० सेंटिमीटरपेक्षा मोठा संप मावत नाही. रिटर्न पंप (संपमधले पाणी वर टाकीत चढवणारा) बंद करून मोजले असता ३२ लिटर पाणी खाली संपमध्ये उतरते. प्रोटीन स्किमरसाठी (फेसातून पाण्यातली घाण काढणारे उपकरण) संपमधील पातळी २२ सेंटिमीटर ठेवल्यास ५४ लिटर जागा मोकळी राहते, पण रेफ्युजियममधील (संपचा शेवाळ वाढवण्याचा कप्पा) शेवाळासाठी ती २८ पर्यंत नेल्यास जेमतेम ३६ लिटर उरते, आणि वीज गेल्यावर एवढी जागा मला अपुरी वाटते. पाणी उलटे कमी उतरावे म्हणून रिटर्न नळीचे तोंड आधीच पृष्ठभागाजवळ आणले आहे. चेक व्हॉल्व्ह (पाणी उलटे येऊ न देणारी झडप) क्षार साचून अडकू शकतो, म्हणून त्यावर विसंबायचे नाही. अशा वेळी उंच आडभिंत घालून केवळ रेफ्युजियमच्या कप्प्यात २८ सेंटिमीटर पातळी राखावी, की रेफ्युजियमचा विचारच सोडून द्यावा?