क्लॅश ऑफ क्लॅन्स (मोबाइल गेम): लूट मिळवायला ट्रॉफी मुद्दाम पाडू का? टाऊन हॉल ११ वाले सांगा (ऑक्टोबर २०२५ च्या अपडेटआधीचा धागा, शेवटची पोस्ट बघा)

ढगात_अडकलो:
मंडळी मी नुकताच टाऊन हॉल (गावाची मुख्य इमारत, हिच्यावरून आपली लेव्हल) ११ झालोय, ट्रॉफी २९०० च्या आसपास, म्हणजे ट्रॉफीच्या हिशोबाने मास्टर लीग. अडचण अशी की इथे समोर येतात ते सगळे १३-१४ वाले, त्यांचा बेस बघूनच घाम फुटतो, कसाबसा एक स्टार येतो आणि लूट म्हणाल तर चिल्लर, कारण स्टोरेजपर्यंत सैन्य पोचतच नाही. नेक्स्ट नेक्स्ट करत दुसरा बेस शोधत बसलो तर प्रत्येक नेक्स्टला हजार गोल्ड जातं ते वेगळंच. नवीन वॉर्डन हिरो घेतलाय त्याला वाढवायला एलिक्झर पाहिजे, क्वीन हिरोला डार्क एलिक्झर पाहिजे आणि वॉल तर विचारूच नका, ३०० आहेत, अर्ध्या अजून आधीच्याच लेव्हलच्या.

रूममेट म्हणतोय अटॅकमध्ये नुसता किंग हिरो टाक, लगेच सरेंडर कर, असं हरत ट्रॉफी पाडत सरळ सिल्व्हर लीगपर्यंत खाली ये, तिथे लूटच लूट आहे. आमच्या क्लॅनचा (खेळाडूंच्या गटाचा) लीडर म्हणतो असलं काही केलंस तर बघ. नक्की किती खाली यायचं, आणि याच्यावरून आयडी बॅन वगैरे होतो का? बिल्डर चारच आहेत, जेम्स (गेममधलं खास चलन) विकत घेत नाही.

नाशिकचा_गॉब्लिन:
बॅनचं डोक्यातून काढ. गेमवाली सुपरसेल कंपनी बॅन करते ते बॉट आणि मॉड लावणाऱ्यांना, स्वतःच्या हाताने हरायला कोणाची बंदी नाही. फक्त किंग टाकल्याशिवाय सरेंडर केलंस तर ट्रॉफी जात नाहीत, निदान एक तरी ट्रूप खाली पडला पाहिजे. किंगच बरा, कारण त्याला मार बसायच्या आत बाहेर पडलास तर तो झोपत नाही आणि सैन्य शिल्लकच राहतं.

पण सिल्व्हरमध्ये जाऊ नकोस बाबा, रूममेटला लूट पेनल्टी माहीत नाही असं दिसतंय. तू ११, समोरचा १० असेल तर तुला ८० टक्केच लूट दिसते, ९ असेल तर ५०, ८ असेल तर २५ आणि त्याच्याही खाली ५ टक्के. सिल्व्हरमध्ये भेटणार कोण, सगळी सात-आठवाली पोरं, त्यांचं अख्खं गाव लुटलंस तरी तुझी एक वॉल निघणार नाही. वर लीग बोनस तिथे नावापुरताच.

गोल्ड १ ते क्रिस्टल २ या पट्ट्यात थांब, म्हणजे १८०० ते २४०० धरून चाल. इथे दहा-अकरावाले भरपूर, आणि मुख्य म्हणजे डेड बेस. खेळ सोडून गेलेले लोक हळूहळू घसरत याच भागात साचतात, त्यांचे कलेक्टर (माल तयार करून साठवणाऱ्या इमारती) काठोकाठ भरलेले असतात, आणि कलेक्टरमधला निम्मा माल तुला मिळतो, डार्कच्या ड्रिलमधला तर पाऊण. स्टोरेजमधून मात्र थोडेच टक्के मिळतात, त्यामुळे नुसता लुटीचा आकडा मोठा दिसला म्हणून धावायचं नाही, तो माल कुठे आहे ते बघायचं. एलिक्झर कलेक्टरची टाकी भरलेली दिसते, गोल्ड माइनच्या गाडीत ढीग असतो. स्टोरेज रिकामी दिसतायत आणि आकडा मोठा आहे म्हणजे सगळं बाहेरच पडलंय, आंधळेपणाने घुस. नावाशेजारी लीगचा बॅज नाही, गावात झुडपं माजलीत, बिल्डर झोपलेत, असलं दिसलं की मालक गायब समजायचं.

सैन्य म्हणशील तर तू ११ आहेस म्हणजे सुपर ट्रूप (साध्या ट्रूपचे ताकदवान अवतार) उघडले, त्यातला स्नीकी गॉब्लिन बूस्ट कर. २५ हजार डार्क लागतं तीन दिवसांना पण डोळे झाकून वसूल होतं. टाकल्यावर पाच सेकंद ते कोणाला दिसतच नाहीत, तेवढ्यात एक कलेक्टर गेला की पुढचे टाक. माझं नाव बघून कळलंच असेल मी कोणाच्या बाजूचा आहे ते 😄

लीडर_बोलतोय:
मी तुझा लीडर नाही पण सगळे लीडर का चिडतात ते सांगतो. तुझ्या ट्रॉफीवर क्लॅनचा टोटल ठरतो, आणि बऱ्याच क्लॅनमध्ये आत यायलाच किमान ट्रॉफी लागतात, मग आतलाच माणूस १८०० वर बसला की नवीन पोरं विचारतात हा कसा चालतो तुम्हाला. वॉरचं (क्लॅन विरुद्ध क्लॅन लढाईचं) मॅचिंग ट्रॉफीवर होत नाही त्यामुळे वॉरला काही फरक पडत नाही, हे त्याला शांतपणे समजावून सांग.

आता मुद्द्याचं. ट्रॉफी पाडायचा सल्ला देणारे सगळे लुटीचा आकडा बघतात, बोनस बघत नाहीत. मास्टरमध्ये जिंकल्यावर जो लीग बोनस येतो तो कोणाच्या खिशातून नाही येत, समोरच्याचा बेस कंगाल असला तरी मिळतो. आणि रोजचा स्टार बोनस, पाच स्टार पुरे करा आणि खजिन्यात माल जमा, तो पण लीगप्रमाणेच. दिवसाला दोनच अटॅक मारणाऱ्या माणसाने खाली जाऊन काय करायचं? त्याने वरच बसावं, एक स्टार मारावा, बोनस घ्यावा, झोपावं. खाली जायचं त्याने ज्याला दिवसभर फोन हातात धरता येतो. ट्रेनिंगचा खर्च २०२२ पासून गेलाय, पण वेळ तर लागतोच ना.

आणि एक कोणी बोललंच नाही. तू २९०० वर आहेस, ३२०० ला चॅम्पियन लागतं. लीग ऑल-स्टारची अचिव्हमेंट बघ, चॅम्पियनला पोचलं की २००० जेम्स. पाचव्या बिल्डरची किंमत किती? २०००. चार बिल्डर घेऊन फार्मिंगला निघालाय आणि पाचवा ३०० ट्रॉफीवर उभा आहे राव. आधी तो घे, मग खुशाल गटारात जा. अचिव्हमेंट एकदा मिळाली की ट्रॉफी पाडल्या तरी परत जात नाही.

ढगात_अडकलो:
अरे हे २००० जेम्सचं मला कोणीच सांगितलं नव्हतं!! रूममेटला दाखवलं तर तो पण गप्प झाला. पण इथे एक स्टार मारायचे वांधे आहेत, ३०० ट्रॉफी चढू कसा?

लीडर_बोलतोय:
पूर्ण बेस फोडायच्या नादी लागू नकोस. टाऊन हॉल कडेला असलेला बेस शोध, नेक्स्टचं गोल्ड जाऊ दे, दोन स्टारच्या मागे पण पळू नको, ५० टक्के किंवा टाऊन हॉल, दोन्हीपैकी एक मिळालं की विजय तो विजय. सीझन संपायची वाट बघू नको आणि बेस फोडायचं सैन्य आणि लुटायचं सैन्य एकत्र मिसळू नको. क्लॅनमधून सैन्याचं चांगलं डोनेशन माग, लीडर खूश असेल तर देईल.

आठवीतला_टाऊनहॉल:
तुम्ही सगळे हुशार लोक खाली येऊन लुटता ते ठीक, पण खाली आम्ही राहतो. मी टाऊन हॉल ८, गोल्डमध्ये आहे, सकाळी गेम उघडला की अकरावाल्याने येऊन गाव साफ केलेलं असतं. वर ह्यांना पेनल्टीमुळे माझ्याकडून मिळतं पण चिमूटभर, मग माझ्याकडे येता तरी कशाला? बदल्याचा अटॅक करायला रिव्हेंज दाबला की समोर इन्फर्नो टॉवर, मोठ्या गावांचं जबर हत्यार. मी काय करणार, झाडं तोडणार?

नाशिकचा_गॉब्लिन:
भावा मुद्दा बरोबर आहे आणि मी आठवाल्यावर टाकतच नाही, २५ टक्क्यांसाठी कोण सैन्य घालवेल. तुझ्याकडे येतात ते ट्रॉफीसाठी येत असतील किंवा नवशिके. झोपायच्या आधी कलेक्टर रिकामे करत जा आणि मिळालेला माल लगेच कशात तरी घालून टाक, जवळ ठेवू नको. बिल्डर मोकळे नसतील तर वॉलमध्ये घाल.

२०१३चा_बाबा:
तुम्हा पोरांना हे सगळं नवीन वाटतंय. आम्ही टाऊन हॉल मुद्दाम गावाबाहेर कोपऱ्यात उघडा ठेवायचो, कोणीतरी यायचा, दोन आर्चर टाकून टाऊन हॉल पाडायचा, त्याला ट्रॉफी आणि आम्हाला फुकट शिल्ड (काही तास कोणी हल्ला करू शकत नाही), दोघं खूश, लूट सुरक्षित. ट्रॉफी आपोआप खाली यायच्या, सरेंडर वगैरे करायची गरजच नव्हती. डिसेंबर २०१५ मध्ये टाऊन हॉल ११ आला त्या अपडेटमध्ये ते सगळं बंद केलं, टाऊन हॉलमध्येच लूट ठेवली आणि नुसता तो पाडला म्हणून शिल्ड मिळेनाशी झाली. अर्धा क्लॅन त्या महिन्यात सोडून गेला, बाकी अर्ध्याची लग्नं झाली. सैन्य तेव्हा एकच, बार्च. बार्बेरियन आणि आर्चर, बाकी सगळे चोचले.

ढगात_अडकलो:
अपडेट: ३२०० झाले, पाचवा बिल्डर घेतला 🙏 आता किंग टाकून खाली उतरतोय, क्रिस्टल २ ला थांबणार. लीडरला सांगितलंय वॉरमध्ये दोन्ही अटॅक मारीन, तो फक्त ओके म्हणाला.

गुगलवरून_आलेला:
जुना धागा वर काढतोय, माफ करा, पण नवीन लोक हे वाचून अजून किंग टाकून सरेंडर करत बसलेत म्हणून लिहितो. ऑक्टोबर २०२५ च्या अपडेटपासून साधी बॅटल आणि रँक्ड वेगळे झालेत. साध्या बॅटलमध्ये ट्रॉफी येत पण नाहीत जात पण नाहीत, तिथे हवी तेवढी लूट मारा. ट्रॉफी फक्त रँक्डमध्ये. सैन्य ट्रेन व्हायचा वेळ पण त्याच वर्षी मार्चमध्ये गेला. म्हणजे पाडायला काही उरलंच नाही. डेड बेस ओळखायची वरची पद्धत मात्र वाचून ठेवा, ती अजून चालते.

नाशिकचा_गॉब्लिन:
स्नीकी गॉब्लिन पण अजून चालतात, ते लिहायचं राहिलं तुझं.