सगळे खापर बिनशिशाच्या सोल्डरवर कशासाठी?

रोधक: "शिसे काढले आणि इलेक्ट्रॉनिक्सची माती झाली" या कालच्या लेखाखाली सर्वांनी माना डोलावलेल्या पाहून लिहिल्यावाचून राहवले नाही. सुटे भाग बोर्डावर जोडणाऱ्या सोल्डर या मिश्रधातूतून शिसे काढल्यानेच उपकरणे बिघडू लागली, असा त्या लेखाचा सूर होता. इलेक्ट्रॉनिक वस्तूंतील शिशावरचा युरोपीय संघाचा निर्बंध १ जुलै २००६ रोजी लागू झाला. परंतु कपॅसिटर (वीज साठवणारे सुटे भाग) फुगून मदरबोर्ड बंद पडण्याची साथ त्याच्या कितीतरी आधी पसरली होती आणि तिचे मूळ त्यांतल्या सदोष इलेक्ट्रोलाइटमध्ये, म्हणजे आतल्या द्रावणात होते. स्वस्तातले सुटे भाग वापरणाऱ्यांना मोकळे सोडून सोल्डरला धारेवर धरणे सोयीचे आहे, एवढेच.

डागकाम: आपण स्वतः कधी डाग दिलेला, म्हणजे सोल्डर वितळवून जोड केलेला दिसत नाही. कथील ६३, शिसे ३७ हे मिश्रण १८३ अंशांना एकदम वितळते व एकदम गोठते. कथील, चांदी आणि तांबे यांचे मिश्रण २१७ अंशांपुढे वितळत असल्याने बोर्डापासून कनेक्टरपर्यंत सर्वांनाच जादा ताप सोसावा लागतो. माझ्याकडे आलेल्या एका अॅम्प्लिफायरमध्ये ट्रान्झिस्टरच्या पायाभोवती केसाएवढी गोल भेग होती आणि पाय किंचित हलवताच ती भिंगाखाली उघडमीट करी. तेथे शिशाचा डाग दिला. त्यानंतर तक्रार आलेली नाही.

रोधक: तशाच भेगा मी शिशाच्या सोल्डरवर चाललेल्या जुन्या टीव्हींत, पडद्याच्या नळीला उच्च दाब पुरवणाऱ्या फ्लायबॅक ट्रान्सफॉर्मरच्या पायांशी, वारंवार पाहिल्या आहेत. जड भाग सतत तापला-निवला की कोणताही जोड थकतो.

शंकेखोर: शुद्ध कथलाच्या मुलाम्यातून आपोआप उगवून शॉर्टसर्किट करणाऱ्या केसासारख्या तंतूंविषयी दोघेही गप्प! १९९८ मध्ये गॅलेक्सी ४ उपग्रह निकामी झाला, त्याचे खापर याच तंतूंवर फोडले गेले होते.

रोधक: १९९८ मध्ये, म्हणजे निर्बंधाच्या आधी, शिवाय तो दोष मुलाम्याचा, डागाचा नव्हे.

शंकेखोर: मुलाम्यात थोडे शिसे मिसळले की हे तंतू बरेच आटोक्यात राहतात. तेच शिसे निर्बंधाने काढायला लावले, हे आपण सोयीस्करपणे गाळलेत.

सहज: आणि शिशाचा धूर रोज छातीत भरून घेणाऱ्यांचे काय?

डागकाम: तो धूर फ्लक्सचा, म्हणजे डाग नीट बसावा म्हणून सोल्डरसोबत वापरल्या जाणाऱ्या पदार्थाचा असतो! सोल्डरिंग आयर्नच्या तापमानाला शिशाची वाफ जवळपास होतच नाही. ते पोटात जाते न धुतलेल्या हातांनी. उलट नव्या सोल्डरसाठी आयर्न अधिक तापवावे लागत असल्याने धूर वाढतो आणि राळेच्या फ्लक्सने दमा जडू शकतो. मला खोकल्याचा त्रास त्यानंतरच सुरू झाला, पण आमचे फुप्फुस कुणाच्या खिजगणतीत असणार?

सहज: आपल्या खोकल्याविषयी सहानुभूती आहे. तथापि हा निर्बंध आपल्या टेबलापुरता नसून, टाकून दिलेले बोर्ड जाळून त्यांतून तांबे काढणाऱ्यांच्या मुलांसाठीही आहे.

डागकाम: जगातले बहुतेक शिसे बॅटऱ्यांत जाते, ते चालते, माझ्या सोल्डरचे रीळ मात्र गुन्हेगार!

सहज: बॅटरीतल्या शिशाला भंगारात भाव मिळतो, म्हणून ती गोळा होते. बोर्डावरचे चिमूटभर शिसे कोण वेचणार? बॅटऱ्या उघड्यावर वितळवणेही विषारीच आहे, पण एका विषाने दुसरे माफ होत नाही.

डागकाम: बरे, फ्लायबॅकचा मुद्दा मान्य; हवे तर पेढे वाटा. मग याच निर्बंधात ८५ टक्के किंवा त्याहून अधिक शिसे असलेल्या, उच्च तापमानाला वितळणाऱ्या सोल्डरला सवलत का ठेवली होती?

रोधक: कारण तिथे तोडीचा पर्याय मिळाला नव्हता. आपल्या अॅम्प्लिफायरसाठी तो मिळालेला आहे. फक्त आपल्याला तो आवडत नाही.