मदत हवी आहे: पहिल्या खेपेस प्री-एक्लॅम्प्सिया झालेल्या बहिणीसाठी अ‍ॅस्पिरिन ७५ की १५०?

नमस्कार.

माझ्या धाकट्या बहिणीला दुसऱ्यांदा दिवस गेले आहेत आणि तिचा अकरावा आठवडा सुरू आहे. पहिल्या खेपेस तिला प्री-एक्लॅम्प्सिया, म्हणजे गरोदरपणात रक्तदाब वाढून लघवीतून प्रथिने जाण्याचा विकार, झाला होता. तो पुन्हा होऊ नये म्हणून या वेळी अ‍ॅस्पिरिनची कमी मात्रेची गोळी सुरू करावी, यावर तिला तपासणाऱ्या दोन्ही डॉक्टरांचे एकमत आहे. मात्र एकांनी रोज ७५ मिलिग्रॅम सांगितले आहे आणि दुसऱ्यांनी १५०. गोळी डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घेतली जाईल, त्याविषयी शंका नसावी. पुढच्या भेटीत नेमके काय विचारायचे, एवढे समजून घेण्यासाठी येथील स्त्रीरोगतज्ज्ञांची आणि या विषयातील संशोधन वाचणाऱ्यांची मदत हवी आहे.

आधीची हकिकत थोडक्यात सांगते. सहावा महिना संपेपर्यंत सारे सुरळीत होते. त्यानंतर पायांवर आणि चेहऱ्यावर सूज येऊ लागली, ती इतकी की हातातल्या बांगड्या कापून काढाव्या लागल्या. घरच्यांना ती गरोदरपणातली नेहमीची सूज वाटली. डोके सतत दुखू लागले आणि डोळ्यांपुढे अंधारी येऊ लागली, तेव्हा आशाताईंनी आग्रहाने तिला दवाखान्यात नेले. डिस्चार्ज कार्डावर रक्तदाब १७०/११० आणि लघवीत अल्ब्युमिन हे प्रथिन तीन अधिक, अशी नोंद आहे. झटके येऊ नयेत म्हणून तिला मॅग्नेशियम सल्फेट देण्यात आले आणि बत्तिसाव्या आठवड्यात सिझेरियन झाले. बाळाला बरेच दिवस काचेच्या पेटीत ठेवावे लागले. आता ते सुखरूप आहे. मात्र पुढच्या गरोदरपणात बाराव्या आठवड्याच्या सुमारास काही औषध सुरू करता येते, हे घरी सोडताना कोणीच सांगितले नव्हते. ते कार्डावर एका ओळीत लिहिले असते तरी पुरेसे होते.

मी जे वाचले त्यावरून मला समजले ते असे. गर्भ रुजत असताना वारेच्या पेशी गर्भाशयाच्या रक्तवाहिन्यांत शिरून त्या रुंद करतात. हे काम अपुरे राहिले तर पुढे वारेला रक्त कमी पडते, आणि अशा वारेतून आईच्या रक्तात मिसळणारी द्रव्ये तिच्या सर्व शरीरातील रक्तवाहिन्यांच्या अस्तराला इजा करतात. रक्तदाब वाढणे आणि लघवीतून प्रथिने जाणे ही त्याचीच लक्षणे. रक्तवाहिन्यांची ही घडण मुख्यतः पहिल्या वीस आठवड्यांत होत असल्यामुळे गोळी सोळाव्या आठवड्याच्या आत सुरू करावी, असा सध्या बहुतेकांचा आग्रह दिसतो. क्लॅस्प या १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत ९,३६४ स्त्रियांवर ६० मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिनचा प्रयोग झाला होता. त्यात दिसलेली १२ टक्क्यांची घट संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरली नाही. मात्रा कमी होती आणि अनेकींना ती उशिरा मिळाली, हे त्याचे कारण असावे असे मानतात.

१५० मिलिग्रॅमला मुख्य आधार आहे तो २०१७ च्या अ‍ॅस्प्रे चाचणीचा. लंडनच्या किंग्ज कॉलेजमधील किप्रोस निकोलाइडीस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी युरोपातील पाच देश व इस्राएल येथे ती केली. आईचा पूर्वेतिहास, रक्तदाब, गर्भाशयाच्या धमन्यांची डॉप्लर तपासणी (रक्तप्रवाह मोजणारी सोनोग्राफी) आणि रक्तातील दोन घटक यांवरून जास्त धोका असलेल्या १,७७६ स्त्रिया निवडून त्यांना ११ ते १४ आठवड्यांपासून छत्तिसाव्या आठवड्यापर्यंत रोज रात्री १५० मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन किंवा तशीच दिसणारी निष्क्रिय गोळी देण्यात आली. सदतिसाव्या आठवड्याआधी प्रसूती करावी लागेल असा प्री-एक्लॅम्प्सिया निष्क्रिय गोळीच्या गटात ४.३ टक्के स्त्रियांना झाला, तर अ‍ॅस्पिरिनच्या गटात १.६ टक्के स्त्रियांना. दिवस भरल्यावर होणाऱ्या प्री-एक्लॅम्प्सियात मात्र असा स्पष्ट फरक दिसला नाही. माझ्या बहिणीला झाला होता तो पहिल्या प्रकारचा, म्हणून ही चाचणी मला तिच्यासाठी सर्वांत जवळची वाटते.

दुसरी चाचणी आपल्या भागाशी संबंधित आहे. अ‍ॅस्पिरिन याच नावाची ही चाचणी भारत, पाकिस्तान, केनिया, झांबिया, काँगो आणि ग्वाटेमाला येथे झाली आणि तिचे निष्कर्ष २०२० साली प्रसिद्ध झाले. भारतातील केंद्रे बेळगाव आणि नागपूर येथे होती. ११,९७६ स्त्रियांच्या या अभ्यासात मात्रा ८१ मिलिग्रॅम होती. मुदतपूर्व प्रसूतीचे प्रमाण १३.१ टक्क्यांवरून ११.६ टक्क्यांवर आले. वाढत्या रक्तदाबाच्या विकारांचे एकूण प्रमाण फारसे बदलले नाही, परंतु त्या विकारांमुळे चौतीस आठवड्यांच्या आत करावी लागणारी प्रसूती कमी झाली. येथेच माझा खरा प्रश्न आहे. या स्त्रिया पहिलटकरणी होत्या आणि त्यांना विशेष धोका आहे म्हणून निवडलेले नव्हते. मग दुसऱ्या खेपेच्या आणि आधी गंभीर त्रास झालेल्या स्त्रीला हा निष्कर्ष कितपत लागू होतो? आणि परदेशात निवडलेल्या स्त्रियांवरचा १५० मिलिग्रॅमचा निष्कर्ष सेहेचाळीस किलो वजनाच्या, हिमोग्लोबिन जेमतेम दहा असलेल्या आमच्या बहिणीला जसाच्या तसा लावावा का?

मार्गदर्शक सूचनांतही एकवाक्यता नाही. जागतिक आरोग्य संघटना ७५ मिलिग्रॅम सांगते, अमेरिकेत ८१ देतात, ब्रिटनमध्ये ७५ ते १५० ही मर्यादा आहे, आणि स्त्रीरोगतज्ज्ञांच्या फिगो या जागतिक संघटनेने २०१९ साली १५० मिलिग्रॅम सुचवताना चाळीस किलोंपेक्षा कमी वजन असेल तर १०० मिलिग्रॅम असा अपवाद ठेवला आहे. दोन्ही डॉक्टरांचे म्हणणे त्यामुळे आपापल्या जागी योग्यच असणार.

तिच्या सासूबाईंची काळजी वेगळी आहे. रक्त पातळ करणारी गोळी घेतली तर बाळंतपणात रक्तस्राव होईल, असे त्यांना वाटते, आणि ही भीती उडवून लावण्यासारखी नाही. अ‍ॅस्प्रेमध्ये रक्तस्राव लक्षणीयरीत्या वाढला नव्हता, पण स्वीडनमधील प्रसूतींच्या नोंदींवर आधारलेल्या एका अभ्यासात गोळी घेणाऱ्यांमध्ये प्रसूतीच्या वेळचा आणि नंतरचा रक्तस्राव थोडा अधिक आढळला. पुन्हा सिझेरियन होण्याची शक्यता असताना गोळी नेमकी कोणत्या आठवड्यात थांबवतात, हे प्रत्यक्ष काम करणाऱ्यांनी सांगितले तर सासूबाईंची समजूत घालणे सोपे जाईल.

कॅल्शियमविषयीही विचारायचे आहे. आपल्याकडे चौदाव्या आठवड्यापासून ५०० मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या रोज देतात. बंगळूर आणि टांझानिया येथे प्रत्येकी ११,००० स्त्रियांवर झालेल्या अभ्यासांत प्री-एक्लॅम्प्सिया टाळण्यासाठी रोज ५०० मिलिग्रॅम कॅल्शियम १,५०० मिलिग्रॅमइतकेच उपयोगी पडल्याचे दिसले. मात्र याही पहिलटकरणीच होत्या. बहिणीला दोन गोळ्यांनी पित्त होते आणि मग ती सगळ्याच गोळ्या टाळते. अ‍ॅस्प्रेच्या पुढील विश्लेषणात नव्वद टक्क्यांहून अधिक गोळ्या नियमित घेणाऱ्यांना सर्वाधिक फायदा झाल्याचे दिसले होते, त्यामुळे कॅल्शियमची एक गोळी कमी करून अ‍ॅस्पिरिन न चुकता घेणे हा मार्ग डॉक्टरांपुढे मांडण्याजोगा आहे का?

शेवटचे आणि सर्वांत तातडीचे. ती यवतमाळ जिल्ह्यात राहते. अ‍ॅस्प्रेमध्ये स्त्रिया निवडताना केलेली डॉप्लरसह पहिल्या तिमाहीची ही तपासणी चौदाव्या आठवड्याच्या आत करावी लागते. पूर्वेतिहास एवढा ठळक असताना या तपासणीमुळे उपचारात काही बदल होतो का, की गोळी लगेच सुरू करून नागपूरचा प्रवास वाचवावा? विदर्भात ती करून घेतलेल्या कोणी असल्यास खर्च आणि अहवाल मिळण्यास लागणारा वेळ कृपया कळवावा. घरी रक्तदाब मोजण्याचे यंत्र घेतले आहे. कितव्या आठवड्यापासून आणि किती वेळा मोजावा, तसेच कोणता आकडा दिसताच थेट निघावे, हेही सांगावे. तिची पुढची तपासणी येत्या सोमवारी आहे, म्हणून रविवारपर्यंत उत्तरे मिळाली तर फार उपकार होतील.